डोक्यावरची मोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज देवीची ओटी भरून इकडे येताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मिरवण्यासारखी नाही. पण आपल्याच माणसांत लाज कसली?

आमच्याकडे कातकरी वाडीवरून एक बाई मोळी घेऊन येत असे. दोन रुपयांसाठी मी तिच्याशी घासाघीस करी आणि स्वतःला काटकसरी म्हणवून घेई. एके दिवशी ती रिकामीच आली. “मोळी गेली, कोयताबी गेला, बाय,” एवढेच म्हणाली. रानात तिला अडवले होते. त्या रात्री तिची चूल पेटली की नाही, हे मी विचारलेसुद्धा नाही.

रान राखू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. तानसा नदी आपल्या गावाजवळून वाहते. तिच्यावरचे धरण १८९२ साली पुरे झाले. ते पाणी मुंबई पिते. १९७० साली तलावाभोवतीच्या रानाचे अभयारण्य झाले. झाड राहिले तर पाणी राहील, हे खरेच. परंतु पाणी शहराने प्यावे आणि मोळी कातकरणीने टाकावी, हा हिशेब न्यायाचा कसा?

वनवासी लोकांवर पूर्वी अन्याय झाला, हे २००६ च्या वनहक्क कायद्याने कबूल केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळू शकतो; मध, बांबू, औषधी वनस्पती गोळा करून विकण्याचाही मिळतो. आणि आपण बायकांनी गाठीस बांधावे ते हे, की पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे लागतात व वनहक्क समितीत निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

पण सभेच्या दिवशी वाडीवरची बाई मजुरीला गेलेली असली, तर तिच्या वतीने कोण बोलणार? आपण तिला आधी निरोप द्यावा, अर्ज वाचून दाखवावा, सभेत तिच्या शेजारी बसावे. बोलेल मात्र तीच.

आता आपल्या घरी गॅस आला. मोळीवालीची वाट कोणी पाहत नाही. गरज संपली म्हणून ओळखही संपावी काय? पुढच्या वर्धापनदिनी वाडीवरच्या बाया आपल्या पंगतीला असाव्यात, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.