आपली कीर्ती आपण लिहावी काय?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवी वर्षात मंडळाची माहिती ‘विकिपीडिया’वर यावी, अशी इच्छा अनेक सभासदांनी व्यक्त केली आहे. ही इच्छा रास्त आहे. आपल्या नातवंडांपैकी कित्येकांना देवनागरी अक्षरे जुळवून वाचावी लागतात. ती उद्या कपाटातली स्मरणिका उघडतील, याची हमी कोण देणार? ती हातातल्या फोनवर मंडळाचे नाव शोधतील आणि तेथे जे सापडेल तेच त्यांच्या लेखी मंडळ ठरेल. म्हणूनच ती माहिती लिहावयाची कोणी, हा प्रश्न आज आपल्यापुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

मराठी माणसाला कोशवाङ्मय नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोश आकारास आला. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. कोण बोलत आहे हे वाचकास कळते. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या आणि २००३ पासून मराठीतही असलेल्या विकिपीडियाची रीत वेगळी आहे. तेथे कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे आणि लेखाखाली कोणाचीच स्वाक्षरी नसावी. तो लेख जणू सर्वांच्या मुखाने बोलतो. हेच त्याचे सामर्थ्य होय आणि मोहाची जागाही हीच. जो तेथे गुपचूप स्वतःची स्तुती लिहितो, तो स्वतःच्या शब्दांना सर्वांचा आवाज उसना घेतो.

या मोहातून भलेभले सुटलेले नाहीत. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनीच आपल्या चरित्रलेखात फेरफार केल्याचे २००५ साली उघड झाले. लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख त्यांनी बदलला होता. हे करावयास नको होते, असे त्यांनी नंतर मान्य केले. २००६ साली अमेरिकेतील एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातून त्यांच्याविषयीच्या लेखातील एक गैरसोयीची ओळ पुसली गेल्याचे प्रसिद्ध झाले. ठरावीक मुदतींनंतर पद सोडण्याचे वचन त्यांनी दिले होते. नेमका तोच उल्लेख नाहीसा झाला. २००७ साली व्हर्जिल ग्रिफिथ या तरुणाने निनावी फेरफार कोणत्या संस्थांच्या संगणकांवरून झाले, हे शोधणारे साधन तयार केले. तेव्हा कंपन्या, सरकारी खाती अशा कित्येकांचे हात एकदम दिसू लागले. विकिपीडियावर प्रत्येक लेखामागे त्याच्या बदलांचा इतिहास जतन केलेला असतो. कीर्ती लपून लिहिता येते. पण लिहिल्याची खूण सहसा पुसता येत नाही.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सांगितली आहेत. त्यांत आत्मस्तुती आहे आणि वडिलांची कीर्ती सांगणेही आहे. विकिपीडियाचा दंडक याच वाटेने जातो. स्वतःविषयी, आप्तेष्टांविषयी, मित्रांविषयी, आपल्या मालकाविषयी किंवा संस्थेविषयी आपण लिहू नये, कारण तेथे आपला हितसंबंध गुंतलेला असतो. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तर तो कोणाकडून घेतला हे जाहीर केलेच पाहिजे, असा नियम २०१४ साली विकिपीडियाच्या वापराच्या अटींतच घालण्यात आला. यात कोणाच्या सचोटीवर संशय नाही. प्रेमाने पाहणाऱ्या डोळ्यांना काही गोष्टी दिसत नाहीत, एवढेच गृहीत धरले आहे. मंडळाचा इतिहास आपणच लिहिला, तर गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि पाहुण्यांची नावे ओघाने येतील. सभासद मिळेनात म्हणून बंद पडलेला मराठीचा वर्ग किंवा जागेवरून झालेला वाद मात्र येईलच असे नाही. खोटे न लिहिताही अर्धे सत्य लिहिता येते.

मग स्वतःविषयी बोलूच नये काय? तसे नव्हे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठीतील प्रदीर्घ इतिहास कोरलेला आहे. १८०३ साली सरफोजी राजांनी तो कोरविला. राजाने आपल्याच वंशाचा इतिहास लिहविला, म्हणून अभ्यासक त्याला टाकाऊ समजत नाहीत. तो कोणाच्या आज्ञेने कोरला गेला हे ठाऊक असल्याने त्यास किती वजन द्यावे, हे त्यांना ठरविता येते. दोष स्वतःविषयी बोलण्यात नाही. बोलणारा कोण हे लपविण्यात आहे.

२०१२ सालचे एक उदाहरण याच दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीचे मूळ प्रेरणास्थान कोणते, याविषयी विकिपीडियाच्या लेखातील विधान त्यांना चुकीचे वाटले. बदल मागितला, तेव्हा लेखकाचा शब्द पुरेसा नाही, अन्य आधार हवा, असे उत्तर आले. स्वतःच्या कादंबरीविषयी स्वतःचा शब्द चालेना, याचे अनेकांना हसू आले. परंतु रॉथ यांनी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने खुले पत्र लिहिले आणि त्यानंतर त्यांचे म्हणणे, त्यांचे म्हणूनच, त्या लेखात नोंदले गेले. सही करून बोललेला शब्द कोशात साक्ष म्हणून येऊ शकतो.

आता एक आक्षेप, आणि तो खराही आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर असलेल्या मंडळाविषयी बाहेरचा कोण लिहिणार? मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत आपल्याला जागा क्वचित मिळते आणि मराठी विकिपीडियावर नियमित लिहिणारेही थोडेच आहेत. आम्ही गप्प राहिलो तर आमची नोंदच राहणार नाही, ही भीती निराधार नाही. तथापि यावर तोडगा म्हणून दोन मंडळांनी एकमेकांविषयी गौरवाने लिहावे, हे काही खरे नव्हे. उंट आणि गाढव यांच्या परस्परस्तुतीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे.

आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली, आपले दफ्तर नीट करावे. जुनी इतिवृत्ते, हिशेब, निमंत्रणपत्रिका व वृत्तपत्रांतील कात्रणे, येथील हिंदी आणि प्रादेशिक पत्रांतली सुद्धा, तारीखवार लावून कोणाही अभ्यासकास खुली करावीत. छायाचित्रे, ती काढणाऱ्यांच्या संमतीने, मुक्त वापरासाठी द्यावीत. दुसरी, ही स्मरणिका ग्रंथालयांकडे पाठवावी. मंडळ स्वतंत्र लेखास पात्र आहे, हे स्मरणिकेने सिद्ध होणार नाही, त्यास त्रयस्थांचे लेखनच लागते. पण स्थापनेचे वर्ष किंवा पदाधिकारी अशा निर्विवाद बाबींस तिचा आधार घेता येतो. तिसरी, लेख झालाच आणि त्यात चूक दिसली, तर ती स्वतः पुसू नये. लेखाच्या चर्चापानावर ‘आम्ही या मंडळाचे सभासद’ असे उघड सांगून, आधारासह दुरुस्ती सुचवावी.

आणि ज्यांना लिहिण्याची हौस आहे, त्यांनी आपला हितसंबंध नाही अशा विषयांवर अवश्य लिहावे. या शहरातील जुनी बाजारपेठ, येथील नदी, येथले लोककलावंत यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, तिची ओळख मराठी वाचकास करून देणे ही सेवाच होय.

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर मंडळाचे नाव आहे. येथे आपले कौतुक आपण मोकळेपणाने करावे. कोशातली जागा मात्र दुसऱ्यांच्या लेखणीसाठी मोकळी ठेवावी. ती उशिरा भरेल, कदाचित दोन ओळींचीच असेल. पण त्या दोन ओळींवर आपल्या नातवंडांना विश्वास ठेवता येईल.