इहिदे सितैन मया व अलफ



मोडीची वळणं हाताला बसली, की नवशिका हमखास अडतो तो तारखेपाशी. मीही अडलो होतो. पेशवाईतल्या कागदावर मजकूर सगळा मराठी, आणि सालाच्या जागी ‘इहिदे सितैन मया व अलफ’!

हा शुहूर सन. मृग लागला की याचं वर्ष पालटतं, म्हणून याला मृगसालही म्हणतात. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० चा मृग येतो. त्याच सालात पानिपत झालं.

हे आकडे अरबी. पण त्यांचं मूळ अरबीच्याही मागे, सगळ्या सेमिटिक भाषांच्या सामाईक पूर्वजभाषेत आहे. त्याचा पडताळा आपल्या मुंबईतच मिळतो. सातरस्त्यापासून जवळ, आग्रीपाड्यात, बेने इस्राएल ज्यूंचं मागेन हसिदीम हे प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, आहे. माणसं घरात मराठी बोलणारी, प्रार्थना हिब्रूत, आणि हिब्रूही अरबीसारखीच सेमिटिक. पेशव्यांच्या कारकुनाचे सलास, आर्बा, खमस, म्हणजे तीन, चार, पाच, हिब्रूत शालोश, अर्बा, खामेश होतात. सबाचा, म्हणजे सातचा, शेवा, मयाचा मेआ, अलफचा एलेफ. सहाची गंमत वेगळी. अरबीत सहा ‘सित्त’, पण सहावा ‘सादिस’. मूळचा द सहामध्ये त-मध्ये विरला, सहाव्यात टिकला.

नुसते शब्द जुळले तर ते उसने असू शकतात. मला पटवून गेली ती एक आडवळणी खोड. तीन ते दहा या संख्या लिंगाच्या उलट चालतात. नाम पुल्लिंगी असेल तर संख्येला स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो, आणि नाम स्त्रीलिंगी असेल तर तो गळतो. अरबीत वर्षाला ‘सना’ म्हणतात. तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘खमसा’ नव्हे, ‘खमस’. हिब्रूतही अगदी असंच. अशी खोड कुणी उसनी घेत नाही, ती रक्तातून येते. आणि पुण्याचा कारकून ती रोज बिनचूक उतरवत होता, अरबीचं व्याकरण न शिकता!

१७९६ साली बेने इस्राएलांपैकीच सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्या वर्षीचा मृग लागला, तेव्हा पेशव्यांच्या दफ्तरात साल पडलं ‘सबा तिसैन मया व अलफ’. मांडवीतल्या हिब्रू वाचणाऱ्याला ते कुणी वाचून दाखवलं असतं, तर सात, नव्वद, शंभर, हजार हे त्याला ओळखू आले असते.