रेषेचे बारसे



मूल बारा दिवसांचे झाले की त्याचे नाव ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. पाळणा हलविताना आत्याने कानात सांगितलेले नाव माणसाला जन्मभर पुरते. आकड्यांच्या राज्यात मात्र अनेक जीव बारशावाचूनच वाढतात. संगणकाच्या तक्त्यातून आलेख काढावा, त्यात चार रेषा उमटाव्यात आणि खाली सूचीत पाहावे तो काय, ‘सिरीज १’, ‘सिरीज २’, ‘सिरीज ३’! ही नावे नव्हेत. हे नुसते हजेरीपटावरील क्रमांक झाले. ज्या रेषेला वेळीच नाव ठेवले नाही, तिला पुढे सगळे नावे ठेवतात, हा कचेऱ्यांतील नित्याचा अनुभव आहे.

काळाबरोबर बदलणारे आकडे रेषेने दाखविण्याची प्रथा रूढ केली ती विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने. त्याचा व्यापारविषयक आलेखसंग्रह १७८६ साली प्रसिद्ध झाला. आयातीची एक रेषा आणि निर्यातीची दुसरी. प्रत्येकीच्या अंगावरच तिचे नाव कोरलेले. वाचणाऱ्याला सूचीकडे धाव घ्यावी लागत नसे. आज ताम्रपटाऐवजी पडदा आला आणि कोरणाऱ्याच्या जागी आज्ञावली आली. गरज मात्र तीच राहिली.

उदाहरण म्हणून चेन्नई शहर घेऊ. या शहराला पाणी पुरविणारे चार जुने तलाव आहेत: पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम. त्यांची क्षमता अनुक्रमे ३,२३१, १,०८१, ३,३०० आणि ३,६४५ दशलक्ष घनफूट. बेरीज ११,२५७, म्हणजे आपल्या परिचयाच्या मापात सव्वाअकरा टीएमसी. एकट्या कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे एवढे मोठे शहर किती लहानशा ओंजळीतून पाणी पिते हे उमगते. या तलावांतील साठ्याचे आकडे शहराचे पाणीपुरवठा मंडळ रोज प्रसिद्ध करते. दहा वर्षांचे आकडे जमविले तर प्रत्येक तलावाच्या वाट्याला साडेतीन हजारांहून अधिक नोंदी येतात.

त्यांचा आलेख हाताने एकदा काढता येईल. दर महिन्याला नव्याने काढावयाचा झाल्यास मॅक्रोचे साहाय्य घेणे बरे. मॅक्रो म्हणजे तक्त्याला एकदाच लिहून दिलेली आज्ञापत्रिका. एक्सेलमध्ये आज वापरात असलेली आज्ञांची भाषा १९९३ पासून आहे. आलेखाजवळ रेषांचा एक संग्रह असतो. त्या संग्रहाला ‘न्यू सिरीज’ अशी आज्ञा केली की एक नवी, रिकामी मालिका जन्माला येते. मग तिला तीन गोष्टी द्यावयाच्या: ‘एक्स व्हॅल्यूज’ म्हणजे आडव्या अक्षावरील तारखा, ‘व्हॅल्यूज’ म्हणजे साठ्याचे आकडे आणि ‘नेम’ म्हणजे नाव. तक्त्यातील एकेका स्तंभासाठी हीच कृती पुन्हा करावी, म्हणजे चार स्तंभांच्या चार रेषा सिद्ध होतात.

येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. आलेख निर्माण होताना निवडीचे बोट जर आकड्यांच्या तक्त्यावर असेल, तर एक्सेल आपण होऊनच त्या आकड्यांच्या रेषा काढून मोकळे होते. त्यावर आपण आपल्या रेषा चढविल्या की चाराच्या आठ होतात. म्हणून आधी असलेल्या रेषा पुसाव्यात, आणि पुसताना शेवटच्या रेषेपासून पहिलीकडे यावे. रांगेतील पहिला मुलगा बाहेर काढला की दुसरा पहिला होतो. पुढून मोजत गेले तर एकाआड एक मुलगा रांगेत तसाच उभा राहतो.

दुसरी गोष्ट नावाची. नाव दोन प्रकारे देता येते. आज्ञेत अक्षरेच लिहिली तर ते छायाचित्रासारखे होते; मूळ बदलले तरी ते बदलत नाही. अक्षरांऐवजी तक्त्यातील घराचा पत्ता दिला तर ते आरशासारखे होते. स्तंभाचे शीर्षक सुधारताच आलेखातील नावही सुधारते. दर महिन्याच्या कामाला आरसा बरा. निकालात निघालेल्या अहवालाला छायाचित्र. नावात मापही असावे. चेंबरंबाक्कम काठोकाठ भरला म्हणजे २४ फूट पाणी आणि ३,६४५ दशलक्ष घनफूट साठा. फुटांची रेषा घनफुटांच्या अक्षावर काढली तर भरलेला तलावही तळाशी निजलेला दिसेल.

पण खरी परीक्षा पुढेच आहे. पुळल तलावाचेच दुसरे नाव रेड हिल्स. काही नोंदींत एक नाव असते, काहींत दुसरे. पूंडीलाही थोर देशभक्त सत्यमूर्ती यांच्या स्मरणार्थ सत्यमूर्ती सागर म्हणतात. शहराचे मद्रास हे नाव अधिकृतपणे चेन्नई झाले ते १९९६ साली. आपल्याकडे जायकवाडी आणि नाथसागर हे एकाच जलाशयासंबंधी बोलणे आहे, हे पैठणच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मॅक्रोला मात्र सांगावे लागते. न सांगितल्यास तो पुळलची एक आणि रेड हिल्सची दुसरी अशा दोन रेषा काढतो. त्यातच कोणी रिकाम्या घरांत शून्य भरून ठेवले असेल, तर नाव बदलले त्या दिवशी एक रेषा धाडकन तळाला जाते, आणि पाहणाऱ्याला वाटते, तलाव आटला!

हा प्रमाद क्षुल्लक नव्हे. कारण चेन्नईने खरेखुरे तळही पाहिले आहेत. २०१९ च्या जूनमध्ये हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले आणि १२ जुलैला जोलारपेट्टैहून पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी शहरात आली. त्याच्या उलट, १ डिसेंबर २०१५ रोजी चेंबरंबाक्कममधून अडयार नदीत सोडलेले पाणी सेकंदाला सुमारे २९,००० घनफुटांपर्यंत पोहोचले होते. जेथे शून्यही खरे असू शकते आणि पूरही, तेथे नोंद नसल्याचे शून्य आणि पाणी नसल्याचे शून्य यांत भेद केलाच पाहिजे. म्हणून तक्त्याच्या एका पानावर नावांची जुळणी लिहून ठेवावी: या नोंदीतील हे नाव म्हणजे आपल्या यादीतील ते. मॅक्रोने प्रथम ते पान वाचावे आणि मगच रेषेला नाव द्यावे. न जुळणारे नाव आढळल्यास त्याने स्वतःच्या बुद्धीने नवी रेषा काढू नये. थांबून माणसाला विचारावे.

एक्सेल एका आलेखात २५५ मालिका सामावून घेते. माणसाची दृष्टी पाच-सहांतच थकते. आणखी एक रेषा मात्र या आलेखात अवश्य काढावी, ती बाहेरून येणाऱ्या पाण्याची. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातील पाच-पाच टीएमसी पाणी या शहराला देण्याचे मान्य केले. ते कालव्याने १९९६ साली पूंडीला पोहोचले. तेव्हा त्या रेषेला ‘सिरीज ५’ म्हणून सोडून देणे बरे नव्हे. तिचे बारसे महाबळेश्वरी कधीच झाले आहे. तिच्यापुढे ‘कृष्णा’ एवढेच लिहावे, आणि कंसात माप द्यावे.