महाधमनी फाटते तेव्हा रक्त काय सांगते?



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. माझा संबंध आकड्यांशी. "रक्ताच्या रिपोर्टावरून माणूस वाचेल की नाही ते कळते काय?" हा प्रश्न आपल्यात नेहमी विचारला जातो. आज तो मी एकाच आजारापुरता घेतो, कारण त्यात वेळ तासांनी मोजावी लागते.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर पडली की रक्त दाबाने थरांमध्ये घुसते आणि भिंत सोलत जाते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज 1760 साली याच विकाराने गेला. चीर हृदयालगत असेल आणि उपचार झाला नाही, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातील एक-दोन रुग्ण दगावतात, असे मानले जाते. नाशिकहून मुंबई सुमारे 170 किलोमीटर. कसारा घाटातून जाणाऱ्या तीन-चार तासांची किंमत यावरून ताडावी.

भिंत सोलली की शरीर तिला जखम समजते. पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह सुरू होतो आणि यकृत सीआरपी नावाचे प्रथिन रक्तात सोडू लागते. हे प्रथिन 1930 साली न्यूयॉर्कमध्ये टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडले. दुसरी खूण साध्या सीबीसी रिपोर्टात असते. त्यातील न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागावे. निरोगी माणसात समजा 60 आणि 30, म्हणजे उत्तर 2. रुग्णात 84 आणि 7 असतील तर 12. दाखल होतानाच हे उत्तर किंवा सीआरपी चढलेले असेल, तर अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

मात्र शंभर कर्जदारांपैकी किती थकतील याचा अंदाज बँकेला बांधता येतो. समोरचा थकेलच, असे त्यावरून म्हणता येत नाही. येथेही तसेच आहे. शिवाय सीआरपी वाढायला सहा-आठ तास लागतात आणि ते दोन दिवसांनी शिखर गाठते. पूर्वी चेक आज भरला तरी खात्यावर नोंद दोन दिवसांनी दिसे, तसा हा प्रकार. पहिल्या तासातला चांगला रिपोर्ट म्हणजे धोका टळला, असे नव्हे. आकडा चढला म्हणून महाधमनीच फाटली, असेही नव्हे. न्यूमोनियातही तो चढतो. डी-डायमर ही तपासणी थोडी वेगळी. संशय कमी असेल आणि आकडा 500 च्या खाली असेल, तर हा आजार बहुधा नाही असे डॉक्टर म्हणू शकतात. निदान पक्के होते ते सीटी स्कॅनने. छातीत कळ आल्यावर आधी गल्लीतल्या लॅबोरेटरीत रक्त देऊन संध्याकाळच्या रिपोर्टाची वाट पाहणे मला तर भयंकर वाटते.

1996 साली या आजाराची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिचा 2000 सालचा अहवाल 464 रुग्णांचा आहे. हृदयालगत चीर असलेल्यांपैकी शस्त्रक्रिया झालेले 26 टक्के दगावले, न झालेले 58 टक्के. (शस्त्रक्रिया न झालेल्यांत फार वृद्ध व खंगलेलेही होते, हे लक्षात ठेवावे.) एकूण रुग्णांपैकी 72 टक्के उच्च रक्तदाबाचे. या शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक डॉ. मायकेल डीबेकी यांनाच 2005 च्या अखेरीस, 97 व्या वर्षी, हा आजार झाला. शस्त्रक्रियेनंतर ते 2008 पर्यंत जगले.

आपल्याकडे अशी कळ आली की "गॅस झाला" म्हणून सोडा पाजतात. कळ एकाएकी, फाटल्यासारखी, पाठीत खांद्यांच्या फऱ्यांमध्ये जाणारी असेल, तर डॉक्टरांना नेमके तेच सांगावे. कार्डिओग्राम कधी कधी साधाच येतो आणि हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले गेल्यास येथे ते घातक ठरते. 108 ला फोन करताना सीटी स्कॅन व हृदयशस्त्रक्रिया दोन्ही कोठे होतात ते विचारावे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसतो की नाही, ते योजनेतील रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे.