रकान्याबाहेरची पणजी



आजीच्या आईला घरात सगळे ‘मोठीआई’च म्हणत. तिचं नाव आजी असताना मी कधी विचारलं नाही. आजी गेल्यावर तहसील कार्यालयात जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, काढलं. मोडी वाचणारे काका सोबत होते. आजीच्या जन्माची नोंद सापडली : तारीख, बापाचं नाव आणि ‘मुलगी’. आईचं नाव नाही.

ते मिळालं फेरफारात, गाव नमुना ६ मध्ये. पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत, विधवा म्हणून! मी डेटाबेसवर काम करते. रकाना नसला की माणूस गळतो, हे तिथे उमगलं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या आईचं, आजीचं नाव आजच विचारा. लिहून ठेवा.