सृष्टी हाच चित्रकलेचा गुरू



तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात फान क्वान या चिनी चित्रकाराचे ‘पर्वत-निर्झरांतील प्रवासी’ हे रेशमी पटावरील चित्र आहे. सुमारे 1000 वर्षांपूर्वीचे हे चित्र 206 सेंटिमीटर उंच व 103 सेंटिमीटर रुंद आहे. वरचा बहुतेक भाग एका प्रचंड कड्याने व्यापलेला आहे. कड्याच्या कपारीतून जलधारा कोसळते. पायथ्याशी दाट वनराजी व खळाळता ओढा आहे. खालच्या वाटेवर ओझी लादलेली खेचरे व त्यांना हाकणारी माणसे अगदी इवलीशी दिसतात.

फान क्वान प्रारंभी ली चंग या ज्येष्ठ चित्रकाराचे अनुकरण करीत असे. पुढे प्रत्यक्ष सृष्टी हाच श्रेष्ठ गुरू होय, हे उमगून तो चुंगनान पर्वतात जाऊन राहिला, असे जुने चिनी ग्रंथ सांगतात. चित्रावरील त्याची सही शतकानुशतके कोणास दिसली नव्हती. 1958 मध्ये ती ली लिन-त्सान या अभ्यासकास पानांच्या दाटीत आढळली.

आपल्या वर्गांत मात्र फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर व मधोमध सूर्य काढला जातो आणि तोच साऱ्या वह्यांत उतरतो. त्यास पूर्ण गुण मिळतात. गावच्या ओढ्यावरील वाकडी जांभूळ काढणाऱ्या मुलाचे चित्र चुकीचे ठरते. हा अन्याय टाळला पाहिजे. आठवड्यातून एक तास मुलांना ओढ्याकाठी न्यावे. प्रथम पाहू द्यावे, मग रेखाटू द्यावे. गुण देण्यापूर्वी मुलाने काय पाहिले, हे त्यालाच विचारावे.