मुलांचा दमा आणि भोवतालची हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मुलाला दमा आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की घरात पहिला प्रश्न निघतो, "हा आला कोणाकडून?" आणि बहुधा सुनेच्या माहेराकडे बोट दाखवून सगळे मोकळे होतात. आनुवंशिकतेचा भाग असतो, हे खरे. परंतु बी असले तरी रुजायला माती लागते. ती माती म्हणजे मुलाच्या भोवतालची हवा. तेव्हा सासर-माहेरचा वाद बाजूला ठेवून आज आपण हवेविषयी बोलू.

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. धूर, धूळ, बुरशी, साधी सर्दी एवढे निमित्तही त्यांना पुरते. त्या आकसतात, आत चिकट कफ साठतो, आणि मूल पहाटे धापा टाकीत उठून बसते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा अशा मुलाला कोणी खेळातून वगळू नये.

आता आपल्या गावांकडे पाहू. १९४९ साली निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगर वसले आणि पुढे घराला घर चिकटले. अंबरनाथ-बदलापूरला कारखाने आले. पोटाला अन्न मिळाले, पण वालधुनीचे पाणी नासले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात कोणी रसायन ओतले, आणि शेकडो माणसांना श्वास कोंडल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागले. जून २०२१ मध्ये बदलापुरात वायुगळती झाली. जुलै २०१९ च्या पुरात उल्हास नदी बदलापूरच्या घरांत शिरली. अशा भिंतींना ओल राहते, आणि ओलीवर बुरशी धरते.

अशा ठिकाणी आईची मोठी पंचाईत होते. नाल्याचा दर्प येतो म्हणून खिडक्या लावायच्या, आणि डास चावतात म्हणून बंद खोलीत डासांची उदबत्ती लावायची! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की अशा एका उदबत्तीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात. म्हणजे बाहेरचा धूर टाळताना आतला आपणच ओढवून घेतो. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

आणखी काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. उशांचे अभ्रे व चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवाव्यात. कोरडा केर उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. घरी शिवणकाम चालत असेल, तर कापडाचा भुगा मुलाच्या अंथरुणाजवळ पडू देऊ नये. उरलेसुरले अन्न झाकावे, म्हणजे झुरळे होत नाहीत; झुरळांमुळेही दमा वाढतो. धूप बेताने जाळावा, आणि घरातल्या पुरुषांना विडी-सिगारेट दाराबाहेर ठेवायला सांगावे. पाहुणा असला तरी सांगावे!

औषधाविषयी एक शब्द. श्वासाने घ्यायच्या पंपाची "सवय लागते" असा समज आहे, तो खोटा आहे. त्यातले औषध अगदी थोडे असून थेट श्वासनलिकांत पोहोचते. रोज घ्यायचा पंप, मूल बरे दिसले म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. फासळ्या आत ओढल्या जात असतील, मुलाला सलग बोलता येत नसेल, किंवा ओठ निळे पडले असतील, तर काढ्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

परंतु भगिनींनो, रासायनिक वायू मच्छरदाणीने अडत नाही. येथे एकट्या आईचे चालत नाही, मंडळाचेच चालते. माझी सूचना अशी: मंडळात एक वही ठेवावी. रात्री दर्प आला, की तारीख, वेळ, गल्ली आणि कोणाच्या मुलाला खोकला झाला, एवढे लिहावे. "नेहमीच वास येतो" या तक्रारीला कोणी विचारत नाही. तारीखवार नोंदी आणि पन्नास सह्या असलेला अर्ज पालिकेला व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला दिला, की त्याला उत्तर द्यावे लागते, आणि दिले नाही तर पुन्हा विचारता येते.

हळदीकुंकवाची यादी आपण किती नीट ठेवतो! तितक्याच नेमाने ही वही ठेवू या. पहिली वही मी आजच आणली आहे. ती कार्यवाहबाईंच्या स्वाधीन करून मी आपली रजा घेते.